ती लाल रेघ जरा फिकट काढा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने घरबांधणीसंबंधीचे आपले नियम एकामागून एक मागे घेण्याचा जो सपाटा लावला आहे, त्यावर आपल्या दैनिकात लेख आला आणि मागोमाग वाचकांची पत्रेही आली. बहुतेक पत्रांचा सूर असा होता की, तिकडे शहाणपण सुचले, आता इकडेही सुचावे. परवानग्या, दाखले, अधिमूल्य आणि नाना प्रकारची शुल्के यांचा बोजा उतरला की सांगली-मिरजेतला सामान्य नोकरदार पुन्हा घर घेऊ शकेल. एका वाचकाने तर सगळी नियमावली एकदाची कृष्णेत बुडवावी, असे सुचवले आहे. कृष्णेचे नाव त्यांनी सहज घेतले असावे. सांगलीच्या पूर पाहिलेल्या गावभागात राहणाऱ्या माणसाला मात्र ते तितक्या सहज वाचता येत नाही, म्हणून हे पत्र.

मी सांगलीतील एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात अडतीस वर्षे आरेखक होतो. ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढण्यापासून संगणकावर नकाशे काढण्यापर्यंतचा सगळा काळ मी त्या एकाच टेबलाशी काढला. नियम माणसाला कसा छळतो, हे मला कोणी सांगायला नको. नकाशातील त्रुटी एकाच वेळी न कळवता दर पंधरा दिवसांनी एकेक कळवण्याची कला, बारनिशीत पडून राहिलेले प्रस्ताव, आणि आधीच्या टेबलाने पाहिलेले कागद पुढच्या टेबलाने पुन्हा मागणे, हे सगळे मी पाहिले आहे. त्यामुळे वाचकांचा राग खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की नियमाचा खर्च चौरस फुटाच्या दरात दिसतो, तो मोजता येतो आणि त्यावर भाषणही करता येते. नियम नसल्याचा खर्च त्या दरात दिसत नाही. तो काही वर्षांनी, बहुधा व्यवहाराच्या वेळी हजर नसलेल्या माणसाच्या खिशातून जातो. कोणता नियम काढावा आणि कोणता ठेवावा, हे ठरवताना हा दुसरा खिसा कोणाचा, हे आधी विचारायला हवे, आणि अमेरिकेतल्या वादात नेमके तेच विचारले जात नाही.

आधी त्यांच्या बाजूने जे खरे आहे ते मांडतो. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे शपथ घेतली त्याच दिवशी, महागाईसंबंधी जो आदेश काढला, त्यात नव्या घराच्या बांधकाम खर्चातला २५ टक्के भाग नियमांमुळे येतो, असे म्हटले होते. हा आकडा तिकडच्या बांधकाम व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहणीच्या जवळ जाणारा आहे; २०२१ च्या पाहणीत त्यांनी नव्या घराच्या किमतीतला २३.८ टक्के वाटा नियमांचा धरला होता. बांधणाऱ्यांनी स्वतःच्या अडचणींची केलेली ही मोजदाद असली तरी तिला अगदीच खोटे ठरवण्याचे कारण नाही. मात्र त्या २३.८ टक्क्यांत गावाचे, राज्याचे आणि केंद्राचे असे सगळे नियम एकत्र आहेत. आपल्याकडे बांधकाम परवाना जसा दिल्ली देत नाही, महापालिका देते, तसेच तिकडेही आहे: कोणत्या भूखंडावर काय बांधावे, किती मोकळी जागा सोडावी, गाड्या लावायला किती जागा ठेवावी, हे तिथल्या नगरपालिका आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) ठरवतात. १९२६ साली युक्लिड या लहानशा गावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या अधिकारावर शिक्कामोर्तब केले, आणि त्या निकालात स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या सदनिकांच्या इमारतीला बांडगुळाची उपमा दिली होती. शंभर वर्षे झाली, तरी अमेरिकेच्या कितीतरी शहरांत निवासी जमिनीचा मोठा भाग एका भूखंडावर एकच घर, याच नियमाखाली आहे. घरे महाग होण्याला हा नियम जितका कारणीभूत आहे, तितका वॉशिंग्टनचा क्वचितच दुसरा एखादा असेल. तो आधीपासून राहणाऱ्यांची मोकळी हवा आणि त्यांच्या घरांच्या किमती राखतो, आणि त्याचा भुर्दंड बाहेर उभ्या असलेल्याला पडतो. असा नियम काढावा, यात मला शंका नाही.

वॉशिंग्टनचेही काही नियम काढण्याजोगे आहेत. कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून आणली जाणारी स्वस्त घरे तिकडे १९७६ पासून केंद्रीय नियमाखाली येतात, आणि घर एका जागी कायमचे बसवले तरी त्याच्याखालचा पोलादी सांगाडा काढता कामा नये, अशी अट त्यांना पडली. जे घर पुन्हा कधी हलणारच नाही, त्याच्याखाली गाडीचा सांगाडा ठेवणे म्हणजे लग्न झाल्यावरही बाशिंग बांधून फिरण्यासारखे आहे. ही अट काढा, असे दोन्ही पक्षांतले लोक म्हणतात.

परंतु मोडीत काढायच्या नियमांच्या याच ढिगात दुसऱ्या जातीचे नियमही टाकले गेले आहेत, आणि आपल्या वाचकांच्या पत्रांतून त्यांचा उल्लेखच राहून गेला आहे. त्यांचा उगम समजून घ्यायचा तर १९३० च्या दशकातल्या नकाशांकडे जावे लागते. आरेखक असल्यामुळे मला हे नकाशे नेहमीच विलक्षण वाटत आले आहेत. महामंदीत घरे जप्त होऊ लागली तेव्हा १९३३ साली अमेरिकी सरकारने घरमालकांना कर्ज देणारे एक महामंडळ काढले आणि त्या महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवून घेतले. उत्तम वस्तीला हिरवा रंग, त्याखालच्या वस्तीला निळा, उतरणीला लागलेल्या वस्तीला पिवळा आणि धोक्याच्या वस्तीला तांबडा. धोका कशाचा, तर कर्ज बुडण्याचा. आणि तो ठरवताना घरांची अवस्था जशी पाहिली तशी तिथे राहणाऱ्या माणसांचा वर्णही पाहिला. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ ठरल्याप्रमाणे तांबडी झाली. १९३४ साली आलेल्या केंद्रीय गृहकर्ज विमा यंत्रणेने तर वंशावरून खरेदीदाराला मज्जाव करणाऱ्या अटी खरेदीखतात घालाव्यात, असेच सुचवले होते. या वस्त्या वगळण्याच्या प्रथेला तिकडे आजही रेडलायनिंग, म्हणजे लाल रेषा ओढणे, असे म्हणतात. दोन पिढ्यांना कर्ज मिळाले नाही, घर झाले नाही, आणि घर नाही म्हणून मुलांना द्यायला काही उरले नाही. बाजाराच्या मनमानीइतकाच यात सरकारी कलमांचाही हात होता, म्हणून तो दोष काढायलाही सरकारी कलमच लागले.

ते कलम आले १९६८ साली. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिलला झाली आणि बरोबर आठवड्याने, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्याय्य गृहनिर्माणाच्या कायद्यावर सही केली. वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारता येणार नाही, एवढे तर त्या कायद्यात होतेच. शिवाय केंद्राचा पैसा घेणाऱ्यांनी वस्त्यांची ही फाळणी मिटवण्यासाठी स्वतःहून पावले उचलावीत, असेही बंधन होते. पहिला भाग कोर्टकचेऱ्यांतून हळूहळू चालू लागला. दुसरा भाग मात्र जवळजवळ अर्धे शतक कागदावर होता, कारण पावले म्हणजे नेमके काय, हे कोणी नीट लिहून ठेवले नव्हते. ओबामा सरकारने २०१५ साली ते नियमात लिहिले: केंद्राचे गृहनिर्माण अनुदान हवे असेल तर गावाने आपल्या वस्त्यांची आकडेवारी तपासावी, कोणाला कुठे घर मिळत नाही ते सांगावे आणि त्यावर आपण काय करणार, ते लेखी द्यावे. पुढची कथा लंबकासारखी आहे. २०१८ साली त्याची अंमलबजावणी थांबवली, २०२० साली नियमच रद्द केला, २०२१ साली बायडेन सरकारने त्यातला काही भाग परत आणला, २०२३ साली नवा मसुदा मांडला, जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेतला आणि मार्च २०२५ मध्ये गृहनिर्माणमंत्री स्कॉट टर्नर यांच्या खात्याने उरलेलेही काढून टाकले. १९६८ चा मूळ कायदा तसाच उभा आहे. त्याचे पालन कसे करायचे, ते सांगणारा कागद तेवढा नाहीसा झाला आहे. दर चार वर्षांनी बदलणारा नियम तिथला कारकूनही मनावर घेत नसणार. आपल्याकडच्या कचेऱ्यांत नव्या परिपत्रकावर 'पुढचे येईपर्यंत थांबा' असे तोंडी सांगणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत, म्हणून हे अंदाजाने लिहितो.

याच्याच जोडीचा दुसरा वाद परिणामावरून भेद ओळखण्याचा आहे. एखाद्या घरमालकाने तोंडाने कोणाचीही जात काढली नाही, पण अट अशी घातली की ठरावीक लोक आपोआप बाहेर पडावेत आणि त्या अटीला दुसरे सबळ कारण नसावे, तर तो भेद मानायचा की नाही? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, मानायचा, असे सांगितले. एप्रिल २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने केंद्रीय खात्यांना या तत्त्वाचा आग्रह सोडायला सांगितले आहे.

हे सगळे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की लाल रेषा सांगलीच्या नकाशावरही आहे, आणि ती ओढण्यात माझी हयात गेली. आमची लाल रेषा माणसांभोवती ओढलेली नाही, नदीने ओढलेली आहे. ज्यांना पुराशी काम पडत नाही अशा वाचकांसाठी थोडक्यात सांगतो: पंचवीस वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची हद्द ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लालच्या मधला निर्बंधित. निर्बंधित पट्ट्यात बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर घ्यावे लागते. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत ही अट आहे.

दीड फूट ऐकायला किरकोळ वाटते. परंतु ते लाल रेषेपासून मोजायचे आहे, जमिनीपासून नाही. जमीन रेषेच्या दीड फूट खाली असेल तर जोते तीन फूट उंच करावे लागते, आणि हजार चौरस फुटांच्या जोत्याला तीन फूट भराव म्हणजे तीन हजार घनफूट, अर्थात तीस ब्रास मुरूम. त्यावर बाजूच्या भिंती जाड होतात, पायऱ्या वाढतात, आणि म्हाताऱ्या माणसांना घरात चढणे अवघड होते, हेही खरे. एक बांधकाम व्यावसायिक आमच्या कार्यालयात आला होता, त्याचे शब्द मला आजही आठवतात. स्थळदर्शक नकाशावर मी लाल रेषा शाईने ओढत होतो. तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, 'ती लाल रेघ जरा फिकट काढा की.' माणूस वाईट नव्हता. त्याचा हिशेब सरळ होता: गिऱ्हाईक नकाशा पाहून घाबरते आणि दर पाडून मागते. मी रेघ फिकट काढली नाही, पण माझ्या हट्टाने त्याचे काही अडले, असेही नाही. कारण मंजूर नकाशा गिऱ्हाईक क्वचितच उघडून पाहते. सहा सदनिका विकून तो मोकळा झाला. पहिला पूर आला तेव्हा त्या इमारतीत त्याचा स्वतःचा एक चौरस फूटही उरलेला नव्हता.

आमच्या घराच्या जिन्यावर तीन खुणा आहेत. चौथ्या पायरीशी गेरूची रेघ, ती २००५ ची. दहाव्या पायरीशी वडिलांच्या जुन्या तैलरंगाचा पट्टा, तो २०१९ चा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. सहाव्या पायरीशी पेन्सिलची खूण, ती जुलै २०२१ ची. तोवर रंग काढण्याचा उत्साह संपला होता. पाणी उतरल्यावर गाळ काढताना त्याला जो वास येतो तो वर्षभर भिंतीतून जात नाही, दारे फुगतात आणि दिवाळीपर्यंत कडी बसत नाही. खालच्या मजल्यावरच्या गिरणीवाल्याची मोटर तीनदा भरून घ्यावी लागली. हा खर्च कोणत्याही संघटनेने नव्या घराच्या किमतीत टक्केवारी म्हणून कधी दाखवलेला नाही.

याच दृष्टीने अमेरिकेतली आणखी एक घडामोड पाहावी. केंद्राच्या पैशातून होणारे बांधकाम शंभर वर्षांच्या पुराच्या पातळीपेक्षा दोन फूट, आणि रुग्णालयासारखी इमारत तीन फूट उंच असावी, असा एक मार्ग ओबामा यांनी जानेवारी २०१५ च्या आदेशाने घालून दिला. ट्रम्प यांनी १५ ऑगस्ट २०१७ रोजी तो आदेश रद्द केला. बांधकामे लवकर मार्गी लागावीत, हे कारण. दहाव्या दिवशी हार्वे वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आले आणि ह्यूस्टन पाण्याखाली गेले. आदेश रद्द झाल्यामुळे ह्यूस्टन बुडाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तो नीट लागूच झालेला नव्हता. परंतु वादळानंतर ती घरे पुन्हा किती उंचीवर बांधायची, हा प्रश्न आला तेव्हा हाताशी जो मापदंड असायला हवा होता, तो दहा दिवसांपूर्वीच फाडलेला होता. बायडेन यांनी २०२१ साली तो परत आणला, त्यांच्या गृहनिर्माण खात्याने २०२४ साली त्यावर नियम केला, आणि २०२५ साली आपत्ती व्यवस्थापन संस्थेने तो मापदंड लावणे पुन्हा थांबवले. पाण्याला यातले काही कळवलेले नसते.

आता उलट बाजू, कारण नियम जितका कडक तितका चांगला, असे मी म्हटले तर मला शामरावनगर या सांगलीतल्या सखल वस्तीत कोणी उभे करणार नाही. जमिनीचे तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला. शेतीसाठी त्याचा हेतू योग्य होता. पण शहर वाढले, गिरणीत, बाजार समितीत, हळदीच्या पेवांवर काम करणाऱ्या माणसाला दोन गुंठे हवे होते, आणि कायदेशीर, मंजूर रेखांकनातला भूखंड त्याच्या आवाक्यात कधीच नव्हता. मग त्याने मुद्रांकाच्या कागदावर गुंठा-दोन गुंठे घेतले. गुंठेवारी हा शब्द महाराष्ट्रभर आहे, पण सांगलीत तो जितका रोजच्या बोलण्यातला आहे तितका क्वचित दुसरीकडे असेल. सात-बारावर नाव नाही, म्हणून बँकेचे कर्ज नाही. मंजुरी नाही, म्हणून गटार नाही. काळी माती, म्हणून पावसाळ्यात चपला हातात घेऊन रस्त्यावर यायचे. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, २०२१ च्या सुधारणेने ती सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना दिली. कागद नियमित झाले, हे चांगलेच झाले. पाणी जायची वाट मात्र दाखल्याने तयार होत नाही, आणि सखल भागात भराव टाकून आपापले घर वर उचलणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या दारात पाणी लोटले, हेही तिथेच पाहायला मिळते. इथे नियम इतका उंच होता की गरीब त्याच्याखालून गेला. असा नियम सैल करण्याला माझा पाठिंबा आहे. अकृषिक परवान्याच्या चकरा अलीकडे कमी केल्या, त्यालाही आहे. लहान भूखंडाची परवानगी सुलभ करावी, वाहनतळाच्या अटीत जुन्या पेठांना सूट द्यावी, सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवणे बंधनकारक करावे. यातून कोणाच्या घरात पाणी शिरत नाही.

मात्र नियम काढला की घर स्वस्त होते, हे गणित आपण एकदा करून पाहिलेले आहे, आणि त्याची आठवण एकाही पत्रात नव्हती, याचे नवल वाटले. शहरी जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा १९७६ साली केंद्राने केला, १९९९ साली केंद्रानेच तो रद्द केला आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये ते स्वीकारले. तो कायदा फसला होता, सवलतींच्या फायलींवर त्याचे वाटोळे झाले होते, याबद्दल दुमत नाही. रद्द करताना सांगितले गेले की अडकलेली जमीन बाजारात येईल आणि घरांचे दर उतरतील. जमीन बाजारात आली, पण ती ज्याच्याकडे होती त्याच्या दराने आली. मुंबई-पुण्याचे दर त्यानंतर कोणत्या दिशेला गेले, ते वाचकांना ठाऊक आहे. नियमाने वाचलेला पैसा गिऱ्हाईकाच्या हातात पडतो, हे गृहीतच मुळात तपासायला हवे. भाव बाजार ठरवतो, आणि जोत्याचे तीस ब्रास वाचले म्हणून चौरस फुटाचा दर कमी केलेला माणूस मला अडतीस वर्षांत भेटलेला नाही.

शेवटी एक गोष्ट, जी लिहायची की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. आमचा वरचा मजला भाड्याने देण्यासाठी मी काही वर्षांपूर्वी फाटकावर पाटी लावली होती: 'लहान शाकाहारी कुटुंबास प्राधान्य'. एका तरुणाचा फोन आला, खासगी रुग्णालयात तंत्रज्ञ होता, नवरा-बायको आणि एक मुलगी. बोलणे ठरत आले आणि मी विचारले, 'आडनाव काय म्हणालात?' तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, 'काका, आडनाव कशाला, पगाराची पावती आणतो की.' मी त्याला सांगितले की एकांना शब्द दिला आहे. कोणालाही शब्द दिलेला नव्हता. तो मजला पुढे तीन महिने रिकामा होता. पाटीवर कोणत्याही जातीचे नाव नव्हते, हे माझ्या समर्थनार्थ मी बायकोला सांगितले तेव्हा ती म्हणाली, 'नाव लिहायचं धाडस तरी करायचं.' अमेरिकेच्या न्यायालयात परिणामावरून भेद ओळखण्याचा जो वाद चालला, तो मला त्या एका वाक्याने समजला होता. निकालपत्रे नंतर वाचली.

मी जे केले, ते अडवणारा घरे भाड्याने देण्यातल्या भेदभावाविरुद्धचा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेचे पंधरावे कलम भेदभावाला मनाई करते, पण ती प्रामुख्याने राज्यसंस्थेला. खासगी घरमालकाला ती लागू होत नाही. गुजरातमधल्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा उपविधी वैध ठरवला. म्हणजे अमेरिका जो नियम आज सैल करते आहे, तो आपण अजून केलेलाच नाही. तेव्हा तिकडचे अनुकरण करा, असे लिहिणाऱ्या वाचकांना विचारावेसे वाटते की यातले आपण मागे घ्यायचे ते काय?

आणि जे थोडे आहे तेही पुरते पोचत नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे 'रेरा'ने, गिऱ्हाईकाला खरा आधार दिला: जमा पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात, चटई क्षेत्राची एकच व्याख्या, बांधकामातल्या दोषांची पाच वर्षे जबाबदारी. पण जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर प्रकल्पाची नोंदणीच लागत नाही. सांगलीच्या जुन्या पेठांत उभ्या राहणाऱ्या इमारती किती सदनिकांच्या असतात, ते कोणीही मोजून पाहावे. ज्या घरांत पाणी आधी शिरते, त्यातली बरीचशी या मर्यादेच्या खालची आहेत.

त्यामुळे नियम कमी करण्याविषयी महापालिका किंवा राज्य सरकार जेव्हा हरकती व सूचना मागवील तेव्हा माझी सूचना अशी राहील, आणि आपल्या दैनिकाने ती उचलून धरावी, अशी विनंती आहे. सदनिका आठ असोत की ऐंशी, विक्री कराराच्या पहिल्या पानावर तीन ओळी छापील असाव्यात: हा भूखंड निळ्या रेषेच्या आत आहे, लाल रेषेच्या आत आहे की बाहेर; मंजूर नकाशातली जोत्याची पातळी किती; आणि प्रत्यक्ष बांधलेल्या जोत्याची पातळी किती. त्यासाठी नवे कार्यालय लागत नाही, शुल्क लागत नाही. नकाशावर हे सगळे आधीच असते. ते फक्त गिऱ्हाईकाला कळेल अशा अक्षरात, त्याने सही करण्यापूर्वी, त्याच्यासमोर ठेवायचे आहे.

आपला,
एक निवृत्त आरेखक
गावभाग, सांगली